डिस्क झोपली, डिस्क उठली

ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटर मी सांभाळते. तसं मला कोणी नेमलेलं नाही. माझं लहानपण तिथल्याच चाळीत गेलं, बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास त्याच वाचनालयाच्या बाकांवर झाला, आणि पुढे ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर बघायची नोकरी लागली. लग्न होऊन डोंबिवलीला गेले तरी वाचनालयातून फोन यायचे थांबले नाहीत. "अगं, तुझं ते मशीन बघ जरा," असं सुरू झालं की मशीन माझंच, हे मीही मान्य करून टाकलेलं.

त्या मशीनमध्ये एक मोलाची गोष्ट होती. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज. वाचनालयाच्या कमिटीने चार-पाच वर्षं खपून ते गोळा केलेले. लग्नातली गाणी, चाळीतल्या भीमजयंतीच्या आठवणी, कारखान्यातले किस्से. खाडीकाठच्या कोळी कुटुंबांकडूनही बरंच मिळालेलं, कुठल्या जागेला काय म्हणतात, कुठे कुठली मासळी लागायची. बोलणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. म्हणून मी ते सगळं दोन डिस्कवर ठेवलेलं. जे एकीवर, तेच हुबेहूब दुसरीवर. एक गेली तर दुसरी आहेच.

तक्रार आली ती आवाजाची. रेकॉर्डिंगच्या नव्हे, डिस्कच्या. मशीन ठेवलेलं कपाट अभ्यासिकेच्या भिंतीला लागून होतं, आणि स्पर्धा परीक्षेची मुलं म्हणायला लागली की दिवसभर घरघर चालू असते, डोकं उठतं. मग मी सोपा उपाय केला. दहा मिनिटं कोणी काही मागितलं नाही तर डिस्क झोपेल, कोणी मागितलं की उठेल. वीजही वाचेल, कपाटही तापणार नाही. मुलं खूश झाली. मीही.

आता सिस्टरांबद्दल सांगायला हवं.

सिस्टर म्हणजे सरकारी हॉस्पिटलातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. सगळी कोपरी त्यांना सिस्टरच म्हणते, त्यांचे जावईसुद्धा. वाचनालयाच्या कमिटीत त्या आल्या आणि पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "हे मशीन आजारी पडलं तर आपल्याला कळणार कसं?"

मी सांगितलं की मशीन आपण काय काय केलं याची नोंद स्वतःच ठेवत असतं, त्याला लॉग म्हणतात. सिस्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे केसपेपर! मग दाखव की. रोज सकाळी मी बघत जाईन."

मी हौसेने त्यांच्यासाठी एक पान करून दिलं. सकाळी स्क्रीन उघडला की कालच्या दिवसाचा लॉग समोर. मला वाटलं, आठ दिवस बघतील आणि कंटाळतील. पण ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं राऊंड चुकवला नाही ती लॉगला कंटाळेल कशी? त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि लॉगमधून वेगळं दिसेल ते उतरवून घ्यायला लागल्या.

घोटाळा तिथूनच सुरू झाला. डिस्कशी बोलायचं काम एक छोटा प्रोग्राम करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर भलताच बोलका निघाला. डिस्क झोपवायच्या आधी तो लिहायचा, हातातलं काम डिस्कवर उतरवून घेतोय. मग लिहायचा, डिस्क थांबवतोय. उठवताना पुन्हा, डिस्क सुरू करतोय. हे प्रत्येक डिस्कचं, प्रत्येक वेळी. आमचं मशीन काही ना काही कारणाने दिवसातून कितीतरी वेळा डिस्कला हात लावायचं, त्यामुळे सिस्टरांच्या स्क्रीनवर पानंच्या पानं हाच मजकूर. डिस्क झोपली, डिस्क उठली. डिस्क झोपली, डिस्क उठली.

"अगं, काल ती दोन नंबरची एकवीस वेळा झोपली," सिस्टर फोनवर सांगायच्या. "इतकी सुस्ती बरी नाही."

"सिस्टर, मीच तसं लावलंय. ते नॉर्मल आहे."

"नॉर्मल आहे तर लिहितो कशाला तो?"

मी हसून विषय बदलायचे. आठवड्यातून दोन-तीनदा फोन यायचा, कधी मी बसमध्ये, कधी मीटिंगमध्ये, कधी हात कणकेत. शेवटी एकदा मी म्हटलं, "सिस्टर, ज्या ओळीत डिस्क असा शब्द दिसेल ती सोडूनच द्या. वाचूच नका." त्या बरं म्हणाल्या. पण आवाजावरून कळलं, पटलेलं नाही.

नंतर एकदा ऑफिसात असताना त्यांनी मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एका ओळीखाली लाल पेनने दोन रेघा. सोबत मजकूर, "ही डिस्कचीच आहे पण रोजच्यासारखी नाही. बघ." मी फोटो मोठा करूनसुद्धा बघितला नाही. अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, "ठीक आहे सिस्टर, दुर्लक्ष करा."

दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी ऑफिसात नुकतीच बसलेले, तर फोन.

"मशीन अडकलंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम शांत होता. नंतर मला कळलं की खरी काळजी असली की तो असाच होतो. "आणि मावशी आल्यात."

मावशी म्हणजे कोपरीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या कोळीणबाई. त्यांच्या नवऱ्याने दोन तास बसून खाडीतल्या एकूण एक जागांची नावं सांगितलेली, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्या दिवशी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. घरी सगळी जमणार, त्यांना आवाज ऐकवायचा, म्हणून मावशी टोपली सुनेवर सोपवून वाचनालयात आलेल्या. आणि स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत होतं.

साहेबांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि रिक्षा पकडली. कोपरीच्या पुलावर सिग्नलला थांबलेले असताना मनात एकच चाललेलं, दोन डिस्क आहेत, दोन डिस्क आहेत.

मी पोचले तेव्हा मावशी बाकाच्या अगदी कडेला बसलेल्या, पदर आवळून. मला बघून म्हणाल्या, "पोरी, माज्या घोवाचा आवाज हाय त्यान. तो नीट हाय ना?"

"असणार मावशी. थांबा जरा."

लॉग उघडला. दोन नंबरची डिस्क मेलेली. मशीन तिला पुन्हा पुन्हा उठवायला बघत होतं आणि त्या नादात सगळंच अडकलेलं. मी तिला बाजूला काढलं, एका डिस्कवर मशीन चालू केलं आणि मावशींच्या नवऱ्याचं रेकॉर्डिंग शोधलं. स्पीकरमधून पहिल्यांदा खोकला आला, मग तो खर्जातला आवाज, "हां, बोलू क आता?" मावशी खळखळून हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी ते रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिलं. जाताना त्या सिस्टरांना सांगून गेल्या, "हिला बोंबील पाठवीन."

त्या गेल्यावर मी लॉग मागे मागे सरकवत बसले. ही डिस्क आजारी पडली कधी, ते मला बघायचं होतं. डिस्क झोपली, डिस्क उठली, डिस्क झोपली, डिस्क उठली. हजारो ओळी. डोळे दुखायला लागले तेव्हा कुठे मधोमध एक ओळ सापडली. डिस्क सुरू होऊ शकली नाही, पुन्हा प्रयत्न करतोय. तारीख बघितली. मोबाइल काढला, सिस्टरांनी पाठवलेला फोटो मोठा केला. तीच ओळ. खाली दोन लाल रेघा.

डिस्कने दहा-बारा दिवस आधी सांगितलेलं. सिस्टरांनी त्या ढिगातून ते बरोबर उचललेलं. आणि ज्या बाईचा हाच धंदा आहे तिने अंगठा दाखवलेला.

मी फोटो सिस्टरांपुढे धरला. "सिस्टर, चुकले मी."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. मला वाटलं आता ऐकायला लागणार. त्या म्हणाल्या, "तुझी एकटीची चूक नाही. वॉर्डात एक पेशंट असायचा, दर पाच मिनिटांनी सिस्टर, सिस्टर करायचा. पंखा लावा, पंखा बंद करा. त्याच्या छातीत खरंच दुखलं त्या दिवशी नवीन मुलगी दहा मिनिटं उशिरा गेली. वाचला तो. पण मी त्या मुलीला ओरडले नव्हते." मग म्हणाल्या, "तुला मात्र ओरडावंसं वाटतंय. चहा घे आधी."

दुसऱ्या दिवशी शनिवार. नवी डिस्क डोंबिवलीत मिळाली. नवऱ्याने स्कूटर काढली, मी मागे, मांडीवर डिस्क टॉवेलात गुंडाळलेली. धक्के लागू नयेत म्हणून मी तिला अशी छातीशी धरलेली की शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या रिक्षातल्या आजीने वाकून विचारलं, "किती महिन्यांचं गं?" नवरा इतका हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळलाच नाही, मागून हॉर्न सुरू झाले. मी आजींना सांगितलं, "दहा दिवस आधीच आणायला पाहिजे होतं, आजी." त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

डिस्क बसवली. आता उरलेल्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरायला पाच-सहा तास लागणार होते. उरलेली डिस्कही मेलेलीच्याच वयाची, त्यामुळे तेवढे तास धाकधूक. मी सिस्टरांना सांगितलं, तुम्ही घरी जा. त्या खुर्ची ओढून मशीनसमोर बसल्या. वही उघडली. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा. "अकरा टक्के." "सतरा." मध्ये नवऱ्याने वडे आणले, ते खातानाही त्यांची नजर स्क्रीनवर. साठ टक्क्यांना आकडा थोडा वेळ हलला नाही तेव्हा त्यांनी नकळत मशीनवर हात ठेवला, ताप बघतात तसा. संध्याकाळी पाचच्या सुमारास शंभर झाले. सिस्टरांनी वहीत वेळ टाकली, सही केली आणि म्हणाल्या, "डिस्चार्ज."

त्याच दुपारी, आकडे चढत असताना, आमचं खरं बोलणं झालं. मी म्हटलं, "सिस्टर, मी या ड्रायव्हरचं तोंडच बंद करते. सगळं ठीक असेल तर त्याने बोलायचंच नाही. काही बिघडलं तरच बोलायचं."

त्या लगेच म्हणाल्या, "आणि तो गप्प असेल तर ठीक आहे असं मी कसं मानू? आमच्याकडे सगळ्यात गप्प पेशंटकडे आधी जायचं असतं."

नोकरीत इतकी वर्षं काढली, पण हे मला असं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. मग ठरलं ते असं. ड्रायव्हरने रोजच्या झोपण्या-उठण्याबद्दल बोलायचं नाही. बिघाड झाला तर मात्र मोठ्याने बोलायचं. आणि मी एक छोटा प्रोग्राम लिहायचा, जो रोज सकाळी दोन्ही डिस्क तपासेल आणि एकच ओळ लिहील, दोन्हींना पाहिलं, दोन्ही बऱ्या आहेत. ती ओळ आली नाही तर सिस्टरांनी मला फोन करायचा, मी कुठेही असले तरी.

आमच्या मशीनवर चालणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जगभरातली माणसं मिळून लिहितात. तिचा कोड, त्यातल्या या ड्रायव्हरचाही, कोणालाही वाचता येतो, सुधारून पाठवता येतो. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. पण पाठवायचं म्हणजे सगळ्या जगासमोर, इंग्रजीत, आणि चूक निघाली तर तीही सगळ्यांसमोर. ते मोठ्या लोकांचं काम, असं मी धरून चाललेले.

रविवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरात मावशींचे बोंबील तळत होता (त्यांनी शब्द पाळला, चांगली दोन किलोची पिशवी आलेली) आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ड्रायव्हरचा कोड वाचत बसले. बदल छोटासा होता. संपूर्ण मशीन बंद होत असेल तर ड्रायव्हरने बोलावं, ते उपयोगाचं आहे. पण काम नाही म्हणून डिस्कने नुसती डुलकी काढली तर गप्प राहावं. सहा-सात ओळी लिहिल्या. वाचनालयाच्या मशीनवर आठवडाभर चालवून बघितल्या.

पहिल्याच सकाळी सिस्टरांचा फोन. "आज पानावर एकच ओळ आहे. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतंय."

"ओळ काय म्हणते?"

"दोन्ही बऱ्या आहेत म्हणते."

"मग वर्तमानपत्र वाचा सिस्टर."

आठवड्याने मी तो बदल पाठवून दिला. पाठवायचं बटण दाबताना नवऱ्याला शेजारी उभं केलेलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या भागाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या कुठल्याशा थंड देशातल्या गृहस्थांचं. छोटं, सभ्य. कल्पना चांगली आहे, त्यांनी लिहिलेलं, हा गोंगाट आम्हालाही नको आहे. पण तिसऱ्या ओळीकडे बघा. डुलकी काढताना हातातलं काम डिस्कवर उतरलंच नाही, तर तुमचा कोड तिथेही गप्प राहील. ते तुम्हाला हवं आहे का?

मी तिसरी ओळ बघितली. गोंगाटाच्या ओळी गप्प करण्याच्या भरात मी बिघाडाची ओळसुद्धा त्याच अटीत कोंबलेली. म्हणजे सिस्टरांच्या बाबतीत फोनवर जे केलं, तेच आता कोडमध्ये, आणि या खेपेला सगळ्या जगासाठी.

ऑफिसातून परस्पर कोपरीला गेले आणि सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. कात्री थांबवून म्हणाल्या, "पण त्या माणसाने वाचलं ना नीट? अंगठा नाही पाठवला?"

"नाही पाठवला."

"मग चांगला माणूस आहे. दुरुस्त करून पाठव."

दुरुस्त करून पाठवलं. बिघाडाची ओळ अटीच्या बाहेर काढली, आणि मुद्दाम बिघाड घडवून ती बोलते की नाही ते तीनदा तपासलं. पत्रात त्यांचे आभार मानले. आणि अशा पत्रांमध्ये एक ओळ लिहायची पद्धत असते, रिपोर्टेड बाय, म्हणजे हा त्रास पहिल्यांदा कोणी लक्षात आणून दिला. तिथे मला सिस्टरांचं नाव घालायचं होतं.

"माझं?" त्या म्हणाल्या. "मला तर त्यातलं काही येत नाही."

"लाल रेघ कोणी मारली?"

त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "घालायचं तर पूर्ण नाव घाल. सर्टिफिकेटवर आहे तसं. आणि स्पेलिंग मी सांगते, तू तुझ्या मनाने लिहू नकोस." नावापुढे ईमेल लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. तिथेच बसून काढला. पासवर्ड त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. लिहू नका म्हटलं तर म्हणाल्या, माझी वही कोण उघडतंय.

दुरुस्त केलेला बदल घेतला गेला. उत्तरात फक्त दोन शब्द होते, घेतलं, धन्यवाद. मी ते ऑफिसात बसून इतक्यांदा वाचलं की शेजारचा सहकारी विचारायला आला, कोणाचं लग्न ठरलं का. काही महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती आली. वाचनालयाच्या मशीनवर मी ती नेहमीसारखी चढवली, आणि त्यात आमचा बदल आपोआप आला. माझ्या नावाने, सिस्टरांच्या नावासह. बुद्धविहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात कमिटीच्या अध्यक्षांनी हे माइकवरून सांगितलं. नेमकं काय झालंय ते फारसं कोणाला कळलं नाही, पण टाळ्या मनापासून पडल्या. सिस्टर पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसलेल्या. ताठ.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. रिपोर्टेड बायमध्ये ज्याचा ईमेल असतो, त्याला त्या बदलाबद्दलची पुढची सगळी पत्रं जातात. कोणी तो जुन्या आवृत्तीत घेतला, कोणी दुसऱ्या यंत्रावर चालवून बघितला, सगळ्यांची पत्रं. एका दुपारी सिस्टरांचा फोन आला.

"अगं, मला बाहेरच्या देशांतून पत्रं येतायत. एक तर जपानमधून आहे. कोणीतरी विचारलंय, या बदलानंतर कोणाला काही त्रास झाला का म्हणून."

"ती सगळ्यांनाच जातात सिस्टर. उत्तर द्यायची गरज नसते."

"मी दिलं."

मी ऑफिसच्या जिन्यातच थांबले. "काय लिहिलंत?"

"इंग्लिशमध्ये लिहिलं. हॉस्पिटलात रिपोर्ट लिहायचे तसा. दोन्ही डिस्क उत्तम आहेत, झोप व्यवस्थित आहे, तक्रार नाही, आपण चौकशी केल्याबद्दल आभारी आहे." मग त्यांनी विचारलं, "चाललं ना?"

मी म्हटलं, एकदम चाललं. संध्याकाळी घरी जाऊन बघितलं तर त्या पत्राखाली थंड देशातल्या त्या गृहस्थांनी उत्तर दिलेलं, असा नेमका अहवाल आम्हाला क्वचितच मिळतो. मी ते मराठीत करून सिस्टरांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.